गोड बॉटल

ग्रामीण रुग्णालय
१८ ऑगस्ट २००३

प्रिय मावशी,
सप्रेम जयभीम.

आज माझ्या ओपीडीत कोण आलं ते सांगते, पण आधी नीट टेकून बस. भैय्यालाल आला होता. तुझ्या भिंतीला भिंत लागून राहणारा सानगडीचा भैय्यालाल डॉक्टर. साकोलीत कंपाउंडर होता आणि एक दिवस स्वतःच्याच ओसरीवर पाटी ठोकून डॉक्टर झाला, तोच. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आईला कमजोरी आहे म्हणून ज्याने बॉटल लावली, तोच.

मला ओळखलं नाही त्याने. ओळखणार कसं? माझं आडनाव आता सासरचं, आणि आई गेली तेव्हा मी नागपूरला शिकत होते. जिल्ह्याच्या या टोकाला आपल्याला कोणी ओळखत नाही म्हणूनच तो इतक्या लांब आला होता. डाव्या पायाला न भरणारी जखम. गाल बसलेले, पँट दोरीने बांधलेली. विचारलं, तहान फार लागते का? लघवीला किती वेळा उठता? तर म्हणतो कसा, "ते सोडा ना मॅडम. बहुत कमजोरी येऊन राहिली. येक बॉटल लावून द्या, गोडाची. मी सोता रोज लोकाईले लावतो, मले माहीत हाये."

मावशी, हीच तीन लक्षणं आईला होती. तहान, लघवी, गळत चाललेलं अंग. एवढं ऐकल्यावर कोणीही आधी रक्तातली साखर तपासेल. त्याने न तपासता साखरेच्या पाण्याच्या दोन बॉटल तिच्या शिरेत सोडल्या, आणि आई भंडाऱ्याच्या वाटेवर गाडीतच गेली. आता तोच माणूस माझ्यासमोर तीच बॉटल मागत होता. मी फक्त हो म्हणायचं होतं. पेशंटने मागितली, डॉक्टरने लावली. कोणी मला बोल लावला नसता.

खोटं कशाला सांगू, मी कपाटातून गोडाची बॉटल काढली होती. हातात धरली होती. मग ठेवून दिली आणि बोटाला सुई टोचली. साखर चारशे शहाऐंशी निघाली. मी त्याला मिठाच्या पाण्याची बॉटल लावली. दिसायला सारखीच असते, साहेब खूश झाले. इन्सुलिन सुरू केलं. टोचून घ्यायला शिकवावं लागलं नाही, हात बसलेला आहे त्याचा.

घरी बायकोलाही सांगणार नाही म्हणाला. डॉक्टरलाच शुगर निघाली तर ओसरीवर कोण येणार? पेशंटची गोष्ट बाहेर सांगू नये, हे मला कळतं. पण तुला नाही सांगितलं तर आज झोप लागणार नाही. कोणाला बोलू नकोस.

तुझी,
दीपा

•

सानगडी
३० ऑगस्ट २००३

चि. दीपास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिळालं. चार वेळा वाचलं आणि चारही वेळा रागाने बाजूला फेकलं. आळीत एकच फोन आहे आणि तो त्याच्याच घरी, नाहीतर त्याच दिवशी तुला दोन शब्द ऐकवले असते.

तू वाचवलंस त्याला. माझ्या बहिणीची मुलगी डॉक्टर झाली आणि पहिलं पुण्य पडलं ते भैय्यालालच्या पदरात! तू नव्हतीस गं तिथे. मी होते. तुझी आई, माझी सत्यभामा, सतत "पानी, पानी" करत होती आणि हा म्हणत होता, "बॉटल चालू हाये ना, पानीच तं जाऊन राहिलं." दुसरी बॉटल लावून जेवायला गेला. हात धुऊन, तोंड पुसत परत आला तेव्हा तिचे डोळे फिरले होते. तिसऱ्या दिवशी त्याच ओसरीवर दुसरी बाई आडवी होती आणि दुसरी बॉटल लटकत होती.

माझ्या अतुलने तक्रार दिली होती, तुला ठाऊक आहे. नुकताच भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला होता. विचारायला गेला की भंडाऱ्याचे म्हणायचे, कागद गोंदियाच्या गाठोड्यात गेला असेल, आणि गोंदियाचे म्हणायचे, आमच्याकडे कशाला येईल. एकतीस वर्षं शाळेत मुलांच्या चुका लाल शाईने काढल्या मी, पण या माणसाच्या चुकीवर एक रेघसुद्धा ओढता आली नाही.

असो. तू तुझा धर्म पाळ. मी माझा शेजारधर्म पाळीन म्हणते. चार वर्षं त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही. आता जायला लागेन.

तुझी मावशी,
मंगला

•

ग्रामीण रुग्णालय
१३ ऑक्टोबर २००३

प्रिय मावशी,
सप्रेम जयभीम.

तू त्याच्याकडे जायला लागलीस हे वाचून आधी आश्चर्य वाटलं, मग बरं वाटलं. राग धरून तुझंच बीपी वाढायचं. माझ्या रागाची मात्र चिंता करू नकोस, तो जागच्या जागी आहे. दर पंधरवड्याला हा माणूस माझ्यासमोर बोट पुढे करून बसतो आणि मी त्याला टोचते, त्यात मला काय मिळतं ते तुलाच कळेल.

पण त्याची साखर काही खाली येत नाही. आली तर थोडी येते, पुढच्या खेपेला पुन्हा वर. पायाची जखम तशीच. मी विचारते, गोड खाता का? डोळ्यांत डोळे घालून शपथ घेतो, "च्या बी फिक्का पितो मॅडम." भातही अर्ध्यावर आणलाय म्हणतो. मग मी डोस वाढवते. परवा तिसऱ्यांदा वाढवला. इतका डोस लागायला नको, पण समोर आकडा दिसतो त्याचं काय करू?

डोस मोठा झाल्यामुळे त्याला बजावून सांगितलं. सुई घेतली आणि जेवण चुकलं तर साखर एकदम खाली उतरेल. दरदरून घाम येईल, हात थरथरतील, माणूस दारू प्याल्यासारखा बरळेल. शुद्ध आहे, गिळता येतंय तोवर ताबडतोब साखरेचं पाणी पाजायचं, नाहीतर जीव जाईल. खिशात साखरेची पुडी ठेवा म्हटलं, तर अपमान झाल्यासारखं तोंड केलं त्याने. मला शिकवता, असं.

दिवाळीत मला सुट्टी नाही. भाऊबीजेनंतर मंडईच्या जत्रेत दंडारीचं नाटक बघशील तेव्हा माझी आठवण काढ.

तुझी,
दीपा

•

सानगडी
१ नोव्हेंबर २००३

चि. दीपास अनेक आशीर्वाद.

मंडई झोकात झाली. पाहुणे आले, गेले, घर पुन्हा रिकामं झालं. उद्या मी शहापूरला अतुलकडे जाते, नातवाचं नाव ठेवायचं आहे. आठ-दहा दिवस तिकडेच. जाण्याआधी तुला एक मजा सांगते. पोटात मावत नाही आता.

तुला कोडं पडलंय ना, त्याची साखर का उतरत नाही? मी उतरू देत नाही म्हणून.

पोळ्यापासून एक दिवस चुकवला नाही. सकाळी ओसरी भरली की मी वाटी घेऊन जाते. कधी शेवयांची खीर, कधी गुळाचे गुलगुले, तळ्यातले ताजे शिंगाडे निघाले तेव्हा शिरा. सगळ्यांच्या देखत पुढे करते. पहिल्या दिवशी म्हणाला, "आता नोको वो बाई, पोट भरलं हाये." मी मोठ्याने म्हटलं, "काहून डॉक्टरसाहेब? शुगर-बिगर तं नाई झाली ना?" ओसरी खदखदून हसली. तोही हसला. आणि सगळी वाटी चाटून पुसून खाल्ली!

तेव्हापासून नाही म्हणत नाही. म्हणेल कोणत्या तोंडाने? बायको रत्नाबाईला बिचारीला काहीच ठाऊक नाही. ती मला म्हणते, "तुमच्या हातचं खाल्ल्याबिगर यायचं पेशंटमंदी मनच नाई लागत." दुपारचा चहाही मीच देते, चार चमचे घालून. घोट घेताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. माझ्या बहिणीला त्याने शिरेतून गोड दिलं, मी त्याला वाटीतून देते. जबरदस्ती त्याने केली, मी तर आग्रह करते.

आता लंगडत चालतो. मी खिडकीत बसून बघते आणि माझं जेवण अंगी लागतं. तू मला वाईट म्हणशील. म्हण.

तुझी मावशी,
मंगला

•

ग्रामीण रुग्णालय
१० नोव्हेंबर २००३, सकाळी

मावशी,

दिवाळीच्या गर्दीत अडकलेलं तुझं पत्र आत्ता हातात पडलं. हे पत्र साकोलीच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर पाठवते. तू परतली नसशील तर तो दारातून आत सरकवेल.

हे काय करून बसलीस गं? तू वाटी भरत होतीस आणि मी इकडे तुझ्या वाटीच्या मापाने सुई भरत होते. त्याच्या अंगात आज जो डोस जातो तो तुझ्या खिरीवर आणि चार चमच्यांच्या चहावर बसवलेला आहे. आणि आता तू शहापूरला जाऊन बसलीस. गोड थांबलं, डोस तोच. एखाद्या दिवशी पेशंटच्या नादात जेवण चुकलं की तो कोसळेल.

सकाळपासून त्याचा फोन लावते आहे, लाइन बंद. इथे ऑपरेशनचं शिबिर चालू आहे, मी एकटी डॉक्टर, टेबलावर बाई झोपवलेली आहे. निघू शकत नाही. सोबत त्याच्यासाठी बंद चिठ्ठी आहे, डोस अर्ध्यावर आणायची. मिळाल्याबरोबर त्याच्या हातात दे.

आणि एक ऐक. तो मेला तर तुझ्या खिरीने मरणार नाही. माझ्या सुईने मरेल. डोस मी वाढवला. न तपासता, न समजता वाढवला. आईच्या बाबतीत त्याने जे केलं तेच.

दीपा

•

सानगडी
११ नोव्हेंबर २००३

चि. दीपास,

काल दुपारच्या गाडीने परतले. कुलूप काढलं तर उंबऱ्याच्या आत तुझं पत्र पडलेलं. उभ्यानेच वाचलं. वाचून होतं न होतं तोच भिंतीपलीकडून रत्नाबाईचा ओरडा आला, "अवं बाई, धावा वो! यायले काय झालं पाहा!"

गेले. ओसरीवर दहा-बारा माणसं. सलाइनच्या खांबाला पाठ लावून तो खाली बसला होता. सदरा घामाने चिंब, हात लटलट कापत होते. रत्नाबाईलाच शिव्या देत होता. कोणी म्हणे, "दिवसाच घेतली वाट्टे." म्हातारा सोमाजी म्हणत होता, "अरे गरमी चढली, बॉटल लावा कोनी." पण लावणार कोण? लावणाराच खाली बसलेला. साकोलीला न्यायला जीप बघायला माणूस पळाला होता. रत्नाबाई म्हणाली, सकाळपासून पेशंट हटले नाहीत, पोटात अन्नाचा कण नाही.

मला सगळं कळत होतं, दीपा. घाम, थरथर, बरळणं. तू लिहिलेलं जसंच्या तसं डोळ्यासमोर होतं. तेवढ्या माणसांत त्याला काय झालंय हे एकट्या मला ठाऊक होतं. आणि मला काहीच करायचं नव्हतं. मारायचं नव्हतं, ढकलायचं नव्हतं. घरी जाऊन स्वतःसाठी चहा ठेवायचा, एवढंच.

घरी आले. फळीवरून साखरेचा डबा काढला. सत्यभामाचे डोळे आठवले. हा माणूस तेव्हा जेवून आला होता, तोंड पुसत. मी डब्याला झाकण लावलं आणि डबा परत फळीवर ठेवला. हो, ठेवला. तुझ्यापासून लपवत नाही. चुलीपाशी बसले सुद्धा. पलीकडे रत्नाबाईचं रडणं चालू होतं आणि मला वाटत होतं, रड. मीही रडले होते.

तुझं पत्र हातातच होतं. डोस मी वाढवला. ती ओळ दिसली. तुझं अक्षर लहानपणापासून तसंच आहे, वेलांटी लांब ओढतेस. मी गिरवून घेतलेलं अक्षर ते. तो मेला असता तर सत्यभामाच्या मुलीच्या हातून मेला असता, आणि ते तू जन्मभर उगाळत बसली असतीस.

डबा घेऊन धावले. तांब्यात मूठ-मूठ साखर ढवळली, रत्नाबाईला डोकं धरायला लावलं आणि घोट-घोट पाजलं. त्याच्यासाठी नाही. हे नीट समजून घे. त्याच्यासाठी नाही.

हळूहळू नजर थाऱ्यावर आली. म्हणाला, "काय देलं मले?"

"साखर."

"कायले?"

"शुगर उतरली तुमची. इन्सुलिनची सुई जादा झाली."

रत्नाबाई माझ्याकडे बघते, त्याच्याकडे बघते. "कोनती सुई? तुमाले शुगर हाये?" तो तिच्याकडे बघेना. मलाच विचारलं, अगदी बारीक आवाजात, "तुमाले कोनं सांगतलं?"

चार वर्षं मी या एका क्षणासाठी जगले असेन. म्हटलं, "सत्यभामाच्या पोरीनं. जिच्या हातची सुई तुमी घेता, ते तिचीच पोरगी हाये. तुमी तिले गोडाची बॉटल मांगतली होती. तिनं लावली नाई."

त्याचा चेहरा कसा झाला ते लिहिता येत नाही. चिठ्ठी त्याच्या मांडीवर टाकली आणि घरी आले. मग मात्र मलाच साखरेचं पाणी प्यावं लागलं.

मंगला

•

ग्रामीण रुग्णालय
१८ नोव्हेंबर २००३

प्रिय मावशी,
सप्रेम जयभीम.

तुझ्यावर इतका राग आहे की आठवडाभर पेन हातात घेतलं नाही. तू मला आंधळं करून माझ्या हातून माणूस मारायला निघाली होतीस. आणि तुझ्या हातात ते हत्यार मीच दिलं, पेशंटची गोष्ट तुला लिहून. पुन्हा कधी लिहिणार नाही.

हे शेवटचं मात्र तुझ्या हक्काचं आहे म्हणून सांगते. काल तो आला. रत्नाबाई सोबत होती. मला वाटलं भांडेल, वर तक्रार करीन म्हणेल. मीच आधी सांगून टाकलं की मी कोण आहे, आईबद्दलची तक्रार मी माझ्या सहीने पुन्हा दिली आहे, आणि तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं असेल तर भंडाऱ्याला चिठ्ठी देते. त्याने मान हलवली. नको म्हणाला.

मग बोट पुढे केलं. मी टोचलं. यंत्रावर आकडा यायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात त्याने विचारलं, "तुमच्या मायची किती होती?"

मी म्हटलं, "कोणी तपासली नाही."

रत्नाबाईने पदर तोंडात धरला. तो आकड्याकडे बघत राहिला. बरा आला होता आकडा. डोस अर्ध्यावरच ठेवला आहे.

तक्रारीचं काय व्हायचं ते होईल. तोपर्यंत तू त्याच्या दारात जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तुला जायचंच असेल तर जा. पण वाटी घरी ठेवून जा.

तुझी,
दीपा

•

सानगडी
६ डिसेंबर २००३

चि. दीपास अनेक आशीर्वाद.

आज बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून मग हे लिहायला बसले.

वाटी घरी ठेवली. रोज सकाळी रिकाम्या हाताने जाते. खुर्ची त्याच्या टेबलासमोर ओढते आणि बसते. रत्नाबाईच मला आता चहा आणून देते.

लोक अजूनही येतात. कमजोरी आहे, बॉटल लावून द्या म्हणतात. तो बॉटलकडे हात नेतो की मी एकच शब्द विचारते, "तपासली?" भंडाऱ्याहून ते बोट टोचायचं यंत्र आणावं लागलं त्याला. दात-ओठ खातो, पण तपासतो. काल एका बाईची तीनशेवर निघाली. बॉटल न लावता तिला मोठ्या दवाखान्यात पाठवली. ती गेल्यावर बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसला होता.

मी उठले नाही. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत जाईन, आणि निकाल नाहीच लागला तर माझे पाय चालतील तोवर जाईन. पहिले काही दिवस त्याला वाटत होतं, मी समोरच्या पेशंटचं विचारते. आता त्याला कळलं आहे मी कोणाचं विचारते.

तुझी मावशी,
मंगला